जोत्यावरचे अण्णा

अण्णांचा डाव संपलेला मी कधी पाहिला नव्हता. सुरू झालेले मात्र हजारभर तरी पाहिले असतील.

मालवणहून तारकर्लीकडे जाताना मधेच एक पाणंद आत वळते, आणि तिच्या टोकाला माडांच्या सावलीत चिऱ्याचं एक जोतं आहे. नुसतं जोतंच. वर घर नाही. अण्णांनी घर बांधायला काढलं तेव्हा चिरे इतके पारखून घेतले, कोपरे ओळंब्याने इतक्यांदा तपासले, की भिंतींची वेळ येईतो पैसे आणि हौस दोन्ही संपून गेली. अण्णा आणि काकी मागच्या जुन्या मांगरात राहतात. जोत्याकडे बोट दाखवून अण्णा आजही म्हणतात, ‘‘पाया बघ. असलो पाया अख्ख्या तालुक्यात नाय.’’ ते खरं आहे. खोटं बोलायला भिंती आहेत कुठे?

अण्णांच्या आयुष्यात अशी जोती आणखीही आहेत. हापूसच्या कलमांसाठी खणलेले खड्डे आहेत, त्यात आता पावसात बेडकं ओरडतात. होमस्टेची पाटी रंगवून तयार आहे, खोली तेवढी बाकी आहे. पण या सगळ्यांत अण्णांनी नाव काढलं ते बुद्धिबळात. चिऱ्याच्या जोत्यावर ताडपत्री ताणून त्यांनी चार पट मांडले आणि गावातल्या पोरांना खेळ शिकवायला सुरुवात केली. सुरुवात केली हे शब्दशः घ्यायचं. अण्णा फक्त सुरुवात शिकवतात.

बुद्धिबळात पांढऱ्याला पहिली चाल खेळायच्या वीस वाटा असतात. सोळा प्याद्यांच्या, चार घोड्यांच्या. काळ्यालाही तितक्याच. म्हणजे दोघांची एकेक चाल होईतो चारशे वेगवेगळे पट तयार होतात. हा चारशेचा आकडा अण्णांना फार आवडतो. नवा पोरगा आला की ते तो आकडा ऐकवतात आणि पोरगं घाबरलं की खूश होतात. मग म्हणतात, ‘‘भिया नको. ह्या चारशातली तुझी खंयची, तां मी सांगतंय.’’

कारण अण्णांचं मत असं, की ओपनिंग शिकवायची नसते, जुळवायची असते. सोयरीक जुळवतात तशी. पोरगं कुठल्या घरातलं, स्वभाव कसा, भूक किती, हे बघितल्याशिवाय त्याला पहिली चाल सांगणं म्हणजे पत्रिका न बघता लग्न लावणं. यासाठी त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीची एक चोपडी आहे. तिच्या पहिल्या पानावर श्री, दुसऱ्या पानापासून पोरांच्या नोंदी.

मे महिन्यात माझा भाचा मुंबईहून आला. वय वर्षं नऊ. त्याला घेऊन मी जोत्यावर गेलो.

‘‘अण्णानू, ह्येका जरा बुद्धिबळ शिकवा.’’

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, भाच्याला समोर बसवलं आणि पटाकडे न बघता विचारलं, ‘‘मासे कसले खातंस?’’

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो म्हणाला, ‘‘सुरमई.’’

‘‘कर्ली?’’

‘‘तिच्यात काटे असतात.’’

‘‘तारली? पेडवे?’’

‘‘नाही.’’

‘‘सुरमईचो काटो कोण काढून देता?’’

‘‘आई.’’

अण्णांनी चोपडी उघडली आणि लिहिलं: ‘लंडन’.

यामागे शास्त्र होतं, ते त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. कर्ली काट्यांनी भरलेली. जो पोरगा कर्लीचा एकेक काटा जिभेने बाजूला काढत, न बोलता, तासभर जेवू शकतो, त्याला स्पॅनिश द्यावी. रुय लोपेझ नावाच्या स्पॅनिश पाद्र्याने १५६१ साली पुस्तकात मांडलेली ही सुरुवात. उंट पुढे जाऊन घोड्यावर नुसता नजर ठेवून बसतो, घाई नाही, दाब आहे. ‘‘पाद्री माणूस. तेका वेळ भरपूर.’’ बांगडा खाणाऱ्याला इटालियन. एकच मोठा काटा, तो निघाला की रान मोकळं. इटालियनमध्येही तसंच, राजापुढचं प्यादं दोन घरं, मग घोडा, मग उंट, आणि तो उंट थेट शत्रूच्या राजाशेजारच्या सगळ्यांत कच्च्या प्याद्यावर रोखलेला. नवशिक्याला हीच बरी, असं जगभरचे शिक्षक सांगतात आणि अण्णाही सांगतात, पण अण्णा आधी बांगड्याची खातरी करून घेतात.

आणि ज्याला आई काटे काढून देते, त्याला लंडन सिस्टिम. अण्णा तिला ‘पॅकेज टूर’ म्हणतात. समोरचा काहीही खेळो, आपलं वेळापत्रक ठरलेलं: वजिरापुढचं प्यादं, मग काळ्या घरांचा उंट बाहेर, मग छोटी प्यादी त्रिकोणात लावायची, मग किल्लेकोट. सकाळी किल्ला, दुपारी स्नॉर्केलिंग, संध्याकाळी त्सुनामी आयलंड, रात्री वडे-सागोती. पाऊस पडो, वारा सुटो, कार्यक्रम तोच. ‘‘मुंबयकारांका बरी,’’ अण्णा म्हणाले. मी हा शेरा भाच्याच्या आईला कळवला नाही.

काही ओपनिंगांवर अण्णांचा राग आहे. फ्रेंच बचावात काळ्याचा एक उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडला जातो. ‘‘माजघरात बसवून ठेवलेलो थोरलो काको,’’ अण्णा म्हणतात, ‘‘घरात आसा, पण कोण विचारणा नाय.’’ कारो-कानमध्ये तोच उंट आधी ओसरीवर आणून बसवता येतो, म्हणून ज्या पोराच्या घरी आजोबा आहेत त्याला कारो-कान. सिसिलियन ते सोळा वर्षांखाली कुणालाच देत नाहीत. तिथे भांडण बाजूने सुरू होतं आणि कुठवर जाईल सांगता येत नाही, वाटणीच्या दाव्यासारखं.

चार चालींत मात हा प्रकार तर जोत्यावर बंदच आहे. नवशिक्या पोराला ती एकच गोष्ट येत असते: उंट बाहेर, वजीर बाहेर, आणि चौथ्या चालीला वजिराने प्यादं मारून ‘मात!’ अशी आरोळी. समोरच्याला माहीत असेल तर एका घोड्याने सगळं थांबतं आणि मग तो वजीर पटभर सैरावैरा पळतो. असं करणाऱ्या पोराला अण्णा उठवून विहिरीवरून पाणी आणायला पाठवतात. ‘‘घरातल्या मोठ्या माणसान सकाळीच उठान गडग्यार जाऊन गाळी घालूचे नसतत. आधी पोरां भायर काढ. घोडे काढ, उंट काढ. वजीर मागसून.’’

या बाबतीत अण्णांचं खरोखर चुकत नाही. घोडे-उंट बाहेर, मधली घरं ताब्यात, एकच मोहरा दोनदा हलवायचा नाही, राजा लवकर कोपऱ्यात. नवशिक्याला एवढं पुरतं. पण एवढंच सांगितलं तर चोपडीची गरज काय राहिली?

अण्णांची स्वतःची आवडती ओपनिंग म्हणजे इव्हान्स गॅम्बिट, आणि ती का, हे मालवणात विचारायचं कारण नाही. हा इव्हान्स वेल्समधला जहाजाचा कप्तान होता. वेल्स आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात टपालाच्या बोटी चालवायचा. १८२०च्या दशकात त्याने ही चाल काढली. इटालियन खेळता खेळता वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकायचं आणि शत्रूच्या उंटाला म्हणायचं, घे. तो घेतो. मग त्याला हुसकावत आपण मधे प्याद्यांची फळी उभी करतो. जहाजांना रात्री ओळखू येण्यासाठी रंगीत दिवे लावायची पद्धतही त्याच्याच नावावर सांगतात. अण्णांच्या दृष्टीने हा इसम दर्यावर्दी, म्हणजे आपल्यातलाच, फक्त वेल्सला जन्मला ही चूक. ‘‘गरी टाकल्याशिवाय मासो गावता काय?’’ हे प्यादं ते ‘आमिष’ म्हणूनच ठेवतात आणि ठेवताना डोळे मिटतात.

इंडियन डिफेन्सचा विषय निघाला तर मात्र चहा दोनदा होतो. जुन्या देशी खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. किल्लेकोट नव्हता, राजाला एकदा घोड्यासारखी उडी मिळायची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कलकत्त्यात कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर महेशचंद्र बंदोपाध्याय यांच्याशी शेकडो डाव खेळला. महेशचंद्रांना देशी सवय, प्यादी एकेक घर, उंट कोपऱ्यातून तिरका रोखलेला. साहेबांना ते नवल वाटलं आणि त्या पद्धतीला पुढे ‘इंडियन’ नाव चिकटलं. त्याच्याही आधी, १८१४ साली, त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत बुद्धिबळग्रंथाचं इंग्रजी भाषांतर मुंबईत छापून झालं होतं. मग अण्णा सांगलीला जातात: १९४१ पासूनचं नूतन बुद्धिबळ मंडळ, भाऊसाहेब पडसलगीकर. मग १९५५ सालची एलुरूची पहिली राष्ट्रीय स्पर्धा आणि तिचे संयुक्त विजेते रामचंद्र सप्रे. मग खाडिलकर भगिनी. हे सगळं ऐकताना पोरांच्या घड्याळांतले काटे पाच मिनिटांवर थांबवलेले असतात.

आता मूळ मुद्दा. अण्णा खेळतात कसे?

पहिल्या दहा चाली अण्णा विजेसारखे खेळतात. मोहरा उचलताना दोन बोटं, ठेवताना किंचित फिरकी. समोरचा पुरता घाबरतो. अकराव्या चालीला चोपडी संपते. अण्णा एकदा आकाशाकडे बघतात आणि काहीतरी घडतं. माडावरून झावळ पडते. काकींच्या पेजेला ऊत येतो. देवबागची एसटी जाते आणि तिच्यात कोणीतरी ओळखीचं असतं. भरतीची वेळ होते, ओहोटीची वेळ होते. अण्णा उठतात, पटाकडे बघून मान डोलावतात आणि म्हणतात, ‘‘हंयसून पुढे सरळ आसा. कोणीय जिंकात.’’ मग हात मिळवतात. असे अण्णा आजवर एकही डाव हरलेले नाहीत.

१२ डिसेंबर २०२४ला सिंगापूरला जगज्जेतेपदाचा चौदावा डाव चालला होता. डिंग लिरेन पांढरा, गुकेश काळा. दुपारी जोत्यावर एका मोबाइलभोवती बारा डोकी होती. डिंगने पहिल्या चालीला घोडा काढला आणि अण्णांनी मांडीवर थाप मारली. दहाव्या चालीपर्यंत ते फोनकडे बघत होते, मग त्यांनी फोन उपडा ठेवून त्या सुरुवातीवर व्याख्यान सुरू केलं. तिकडे पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती चुकीच्या घरात ठेवला, अठ्ठावन्नाव्या चालीला अठरा वर्षांचा पोरगा जगज्जेता झाला, डोळे पुसत बसला. इकडे अण्णा अजून तिसऱ्या चालीच्या पर्यायांवर होते. संध्याकाळी बाजारात कुणीतरी पेढा हातावर ठेवला तेव्हा त्यांना कळलं. ‘‘मी सांगललंय ना,’’ ते म्हणाले, ‘‘सुरवात बरी होती.’’ डिंगची की गुकेशची, हे कोणी विचारलं नाही.

आमच्याकडे दशावतारात मूळ आख्यानाआधी आड-दशावतार असतो. गणपती येतो, भटजी येतो, संकासूर येतो. बरीच मंडळी तेवढ्यात चहा-भजी उरकून घेतात आणि आख्यानाला येऊन बसतात. अण्णांचं उलटं. ते गणपतीच्या आधी येऊन बसतात, संकासुराला शेवटपर्यंत बघतात, आणि राजा राजवाड्यात आला की घोंगडी झटकून घरी जातात.

भाच्याचं काय झालं ते राहिलं. लंडन त्याला तीन दिवस पुरली. चौथ्या दिवशी कुठल्याशा पोराने त्याला ‘फ्राइड लिव्हर’चं नाव सांगितलं. इटालियनमधूनच फुटणारा हल्ला: घोडा स्वतःचा बळी देऊन राजाशेजारचं प्यादं मारतो आणि राजाला पटाच्या मधोमध उघड्यावर ओढून आणतो. भाच्याला चाल नको होती, नाव हवं होतं. तो जोत्यावर पाय आपटत ओरडू लागला, ‘‘मला फ्राइड लिव्हर पाहिजे! आत्ताच पाहिजे!’’ काकी मांगरातून पदर खोचत बाहेर आल्या. ‘‘आज सोमवार, आणि ह्येका कलेजी कोण देतलो?’’ त्या दिवसापासून जोत्यावर त्या हल्ल्याचं नाव ‘सोमवार’ असं आहे.

आणि आता ती. तिचं नाव चोपडीत नाही, कारण अण्णांना तिची जुळवणी जमली नाही. रापणकराच्या घरातली, आठवीतली पोर. २०२५च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीला हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा गावातल्या पाच-सहा मुली जोत्यावर आल्या. पितृपक्षापर्यंत बाकीच्या गळाल्या, ही राहिली. अण्णांनी विचारलं, ‘‘मासे कसले खातंस?’’ ती म्हणाली, ‘‘उरतत ते.’’

अण्णांची पेन्सिल थांबली. उरतील ते मासे खाणारीला कुठली ओपनिंग द्यावी, याचा चोपडीत खुलासा नव्हता. ती तशीच, बिनओपनिंगची खेळत राहिली. घोडे बाहेर काढायची, उंट काढायची, राजा कोपऱ्यात न्यायची आणि मग गप्प बसून समोरच्याची चूक व्हायची वाट बघायची. चार महिन्यांत तिने सगळ्यांना हरवलं. अण्णांशी मात्र तिचे डाव झावळीवर, पेजेवर आणि एसटीवर सुटत राहिले.

जून उजाडला. पहिल्या तारखेपासून मासेमारी बंद, ती जुलैअखेरपर्यंत. होड्या किनाऱ्यावर झावळांखाली झाकलेल्या, माणसं रिकामी, जोत्यावर गर्दी. भाचा दोन दिवसांनी मुंबईला परत जायचा होता म्हणून मीही तिथेच होतो. अण्णा पांढरे, ती काळी. इटालियन सुरू झाली. अण्णांनी डोळे मिटून आमिषाचं प्यादं पुढे सरकवलं.

तिने ते घेतलं नाही. उंट एक घर मागे नेला.

‘‘घे मगे,’’ अण्णा म्हणाले.

‘‘नको.’’

‘‘फुकट आसा.’’

‘‘म्हणानच नको. बापूस म्हणता, आपणहून जाळ्यात इललो मासो आधी हुंगान बघूचो.’’

कप्तान इव्हान्सला नकार मिळाला तर काय करायचं, याला अण्णांच्या चोपडीत अर्धंच पान होतं. सातव्या चालीला ते संपलं. अण्णांनी आकाशाकडे पाहिलं. आणि मृगाचा पाऊस कोसळला.

असा तसा नाही. ताडपत्रीच्या चारी कडांनी पाण्याच्या भिंती उभ्या राहिल्या. अण्णांच्या जोत्याला पहिल्यांदाच भिंती मिळाल्या म्हणा ना. पेज उतू गेली असेल तर ऐकू येणं शक्य नव्हतं, एसटी दिसणं शक्य नव्हतं. झावळ खरोखर पडली, पण मागच्या बाजूला, तिचा उपयोग झाला नाही. अण्णांना सातव्या चालीनंतरही खेळावं लागलं.

ते कसे खेळले हे सांगण्यात अर्थ नाही. मला त्यांची दया आली. नवख्या मुलखात उतरलेल्या माणसासारखे ते प्रत्येक घराला हात लावून बघत होते. पण तेवढ्यात ताडपत्रीचा एक कोपरा सुटला, पोरीच्या दप्तरावर धार पडली, ती मागे वळली, आणि वळून परत घाईने खेळताना तिचा हत्ती फुकट गेला. जोत्यावर सगळे गप्प. मग एकेक मोहरा दोन्हीकडून मारला जात गेला, प्यादी संपली, आणि शेवटी पटावर राहिले अण्णांचा राजा, अण्णांचा हत्ती आणि तिचा एकटा राजा.

‘‘आता माका मात करा, अण्णानू.’’

‘‘करतंय, करतंय. घाई कसली?’’

अण्णांनी शह दिला. राजा सरकला. अण्णांनी दुसऱ्या बाजूने शह दिला. राजा परत आला. अण्णांचा हत्ती पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होता आणि ती शांतपणे राजा एकेक घर हलवत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘‘एकतीस.’’

‘‘काय एकतीस?’’

‘‘चाली. पन्नास झाले काय बरोबरी.’’

तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि बहुधा पोरांच्याही. राजा आणि हत्तीने मात कशी करायची, हे अण्णांना ठाऊक नव्हतं. ती कुठूनही सोळा चालींच्या आत होते. पण त्यासाठी आयुष्यात एकदा तरी तिथवर पोचावं लागतं.

‘‘एकेचाळीस,’’ ती म्हणाली. मग तिला राहवलं नसावं. ‘‘अण्णानू, हत्ती नाचवू नकात. राजाक राजासमोर आणा. तो मधे आसा, तेका कडेक न्या.’’

‘‘कोणी शिकवल्यान तुका ह्यां?’’

‘‘तुमच्याच पुस्तकात आसा. कापाब्लांकाच्या. मी चित्रां बघलंय.’’

‘‘खंय आसा?’’

‘‘सुरवातीकच.’’

खरं होतं. कापाब्लांकाचं १९२१चं ते पुस्तक हत्ती आणि राजाने मात करण्यापासूनच सुरू होतं. अण्णांनी ते पंचवीस वर्षांपूर्वी घेतलं होतं आणि पहिल्याच दिवशी, ओपनिंग कुठे आहेत ते शोधत, ती पानं उलटून पुढे गेले होते.

पन्नासावी चाल झाली. तिने हात पुढे केला. पाऊस तेव्हाच थांबला, पण आता उशीर झाला होता. अण्णा काही न बोलता मांगरात गेले. भाच्याने हळूच विचारलं, ‘‘मामा, ते हरले का?’’ मी म्हटलं, ‘‘नाही. बरोबरी.’’ पण पोरं ज्या तऱ्हेने मोहरे आवरत होती त्यामुळे मला रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी निरोप घ्यायला भाच्याला घेऊन गेलो. वाटलं, जोतं ओस असेल. अण्णा नेहमीच्या जागी बसले होते, चष्मा कपाळावर. मांडीवर नवी कोरी चोपडी, हिरव्या बांधणीची. पहिल्या पानावर श्री. दुसऱ्या पानावर वळणदार अक्षरात ‘अखेर’ लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. तिसरं पान कोरं. रापणकराची पोर शेजारी पेन्सिलीला टोक काढत बसली होती.

अण्णांनी भाच्याला समोर बसवलं.

‘‘झिला, जेवणाच्या शेवटाक काय घेतंस? सोलकढी काय ताक?’’